अंगणातली झाडे आणि वसंतातली कीड

(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकू समारंभात झालेले भाषण)



चार बायांपुढे उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण माझे माहेर काटोलकडचे, संत्र्याच्या बागेतले. तिथे मूल चालायला लागले की त्याला पान उलटून बघायला शिकवतात. पुढे लग्न होऊन नागपुरात आले, तरी ती सवय काही सुटली नाही. गेली वीस-बावीस वर्षे अंगणातली आणि सांदवाडीतली झाडे सांभाळताना जे पाहिले, आणि अडले तेव्हा महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयात जाऊन जाणत्या मंडळींना जे विचारले, तेवढेच आज सांगणार आहे. वेळही योग्य आहे. आज आपण एकमेकींना वाण लुटतो आहोत आणि आणखी पंधरा दिवसांनी झाडांवर कोवळी पालवी दिसू लागेल. पालवीमागे कीड येणारच.

आपल्या नागपूरचा वसंत म्हणजे घाईत आलेला पाहुणा. थंडी सरते आणि ऊन चटकू लागते, यांच्या मधे जेमतेम महिना-दीड महिना मिळतो. तेवढ्यात गुलाब, जास्वंद, मोगरा, लिंबू, गोडलिंब सगळ्यांना नवे कोंब फुटतात. बागेत संत्र्याचा आंबिया बहार असतो, शेवगा फुललेला असतो. कोवळे पान म्हणजे मऊ साल आणि आत गोड रस. किडीला याहून चांगले जेवण ते कोणते? म्हणून थंडीभर कुठे दिसत नव्हती ती माव्याची फौज एका आठवड्यात कळ्यांवर येऊन बसते. लोक म्हणतात रातोरात आली. खरे तसे नसते. माव्याची मादी अंडी घालत बसत नाही, नराचीही वाट पाहत नाही. जिवंत पिल्लेच घालते, आणि ती पिल्ले आठ-दहा दिवसांत स्वतः आया होतात. आजच्या पाचांचे पंधरवड्यात किती होतील, याचा हिशेब तुमचा तुम्हीच करा.

आता घरोघर काय काय आढळते ते सांगते.

कळीच्या देठावर आणि कोंबावर हिरवे, काळे किंवा पिवळे बारीक किडे दाटीने बसलेले असतात, तो मावा. जास्वंदीच्या बेचक्यात किंवा सीताफळाच्या देठाशी पांढरे पीठ सांडल्यासारखे दिसते, तो पिठ्या ढेकूण. फांदीला तपकिरी टिकल्या चिकटल्यासारख्या दिसतात आणि नखाने खरवडल्या की निघतात, ती खवलेकीड. या तिघांची खोड एकच. सोंड खुपसून रस प्यायचा आणि नको तो गोड चिकटा खाली टाकायचा. त्या चिकट्यावर काळी बुरशी वाढते आणि पान काजळी धरल्यासारखे काळे पडते. आपल्याकडे संत्र्याच्या बागांत काळ्या माशीमुळे हेच होते आणि शेतकरी त्याला कोळशी म्हणतात. तेव्हा पान काळे दिसले की काजळी पुसत बसू नका. वरच्या पानाखाली कोण बसले आहे ते बघा.

लिंबाच्या आणि गोडलिंबाच्या पानावर चिमणीची विष्ठा पडल्यासारखे काही दिसले आणि ते हळूच हलले, तर ती लिंबावरच्या फुलपाखराची अळी आहे. मोठी झाली की ती हिरवीगार होते. तिला काडी लावली की डोक्यामागून केशरी शिंगे काढते आणि उग्र वास सोडते. मुलांना दाखवा, खूप गंमत वाटते. लिंबाच्या पानावर चंदेरी वेड्यावाकड्या रेघा दिसल्या, तर ती नागअळी. तुळशीची पाने आखडून खाली काळे ठिपके पडले असतील, तर तिथे जाळीदार पंखांचे बारीक काळपट ढेकूण असतात. आणि चैत्राचे ऊन चढले, पाने धुळकट-पिवळसर झाली, मागे बारीक जाळे दिसले, तर तो लाल कोळी. त्याला कोरडी हवा आणि धूळ मानवते.

आणखी एक बारीक कीड आहे, तिचे नाव सायला. कोवळ्या कोंबावर शेपटी वर करून तिरपी बसते. कुंपणाला आपण जी सुवासिक पांढऱ्या फुलांची कुंती लावतो, ती कुंती आणि गोडलिंब तिला फार आवडतात. हीच सायला संत्र्या-मोसंबीच्या झाडांना ग्रीनिंग नावाचा रोग लावते, आणि तो रोग जडलेले झाड पुन्हा धड होत नाही. ज्यांच्या घराला लागून किंवा गावाकडे बाग आहे, त्यांनी कुंतीचे आणि गोडलिंबाचे किडके कोंब वेळीच छाटले पाहिजेत. आपले कुंपण आणि शेतकऱ्याची बाग यांच्यामध्ये भिंत नसते.

शत्रू ओळखले, आता मित्र ओळखू या. माझ्या मते ही गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. पण त्याचे पिल्लू किती जणींनी पाहिले? ते मुळीच गोजिरवाणे नसते. काळपट, केशरी ठिपक्यांचे, इवल्याशा मगरीसारखे असते. दिसायला भयंकर, म्हणून बाया त्यालाच आधी चिरडतात. अहो, ते बिचारे दिवसभर मावा खात असते! याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी. दुसरा एक ढालकिडा पिठ्या ढेकणावर जगतो. त्याचे पिल्लू तर अंगावर पांढरे झुबके घेऊन हुबेहूब पिठ्या ढेकणासारखे दिसते. खूण एवढीच, की ते आकाराने मोठे असते आणि चपळ चालते. हा ढालकिडा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आपल्या देशात तो १८९८ साली मुद्दाम आणला गेला. पानाखाली केसाएवढ्या देठावर टेकवलेली पांढरी अंडी दिसली, तर ती हिरव्या जाळीदार पंखांच्या किड्याची. त्याचेही पिल्लू मावाच खाते. आणि माव्यात काही किडे फुगून तपकिरी, टणक झालेले दिसले, तर त्यांच्या पोटात बारीक गांधीलमाशीचे पिल्लू वाढते आहे असे समजा. ती फांदी तशीच राहू द्या.

ढालकिड्याचे महत्त्व सांगायला संत्र्याचीच एक गोष्ट आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लिंबू-संत्र्याच्या बागा कापशी खवलेकिडीने मरू लागल्या होत्या. तेव्हा १८८८-८९ साली ऑस्ट्रेलियातून ढालकिडे आणून बागांत सोडले आणि थोड्याच काळात बागा वाचल्या. पुढे पन्नासेक वर्षे सारे ठीक चालले. मग १९४६-४७ च्या सुमारास बागांवर डीडीटी फवारले गेले, ढालकिडे मेले, आणि तीच कीड पुन्हा डोके वर काढून आली. जे एवढ्या मोठ्या बागेत घडते तेच आपल्या चार कुंड्यांत घडते. विष मारले की कीड आणि तिचा वैरी दोघेही मरतात. कीड आठ दिवसांत परत येते. वैऱ्याला यायला महिना लागतो.

आता ज्या कारणाने अध्यक्षबाईंनी मला बोलायला उभे केले, ती गोष्ट सांगते. गेल्या फाल्गुनात आपल्याच गल्लीत एका घरी गोडलिंबावर अळ्या पडल्या. गावाहून पाहुणे आले होते. त्यांनी शेतातले उरलेले औषध एका बाटलीत आणून दिले. सकाळी ते फवारले. झाड कुंपणाशी, आणि गोडलिंब म्हणजे सगळ्या गल्लीचा. संध्याकाळी शेजारच्या सूनबाईंनी रोजच्यासारख्या दोन टहाळ्या तोडल्या आणि कच्ची पाने वाटून मठ्ठ्यात घातली. रात्री त्यांच्या सासऱ्यांना घाम फुटला, तोंडाला लाळ सुटली, उलट्या थांबेनात. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "औषध कोणते?" कोणालाच सांगता येईना. बाटली नेऊन दाखवली, तर तिच्यावर आंब्याच्या सरबताचे चित्र! देवाची कृपा आणि डॉक्टरांची शर्थ, म्हणून पाचव्या दिवशी ते घरी आले. त्या दोन्ही घरच्या बाया आज इथे शेजारी शेजारी बसल्या आहेत, आणि दोघींनी सांगितले की हे बोल, लपवू नको.

भगिनींनो, शेतातले औषध शेतासाठी असते. तिथेही ते काय करते हे आपल्या विदर्भाने पाहिले आहे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर विषबाधेने गेले, शेकडो जण दवाखान्यात पडले. ती कसलेली माणसे होती, आणि उघड्या रानात होती. मग जिथे मूल रांगते, जिथे आपण वाळवणे घालतो, त्या अंगणात ते विष कशाला? आणि आज जे चांगले म्हणून विकतात ते उद्या चांगले राहतेच असे नाही. डीडीटीवर शेतीपुरती १९८९ साली बंदी आली, बीएचसीवर १९९७ साली, आणि एंडोसल्फान २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने थांबवले. एके काळी हीच औषधे घरोघर होती.

तर मग करायचे काय? सोपे आहे. मी पायऱ्या सांगते, त्या क्रमाने जावे.

पहिली पायरी डोळ्यांची. माघापासून चैत्रापर्यंत आठवड्यातून दोन वेळा, सकाळचा चहा झाला की पाच मिनिटे झाडांपुढे उभे राहा. कोंब बघा, पान उलटा, बेचके बघा. खाली मुंग्यांची रांग दिसली तर तिच्या मागोमाग वर जा. मुंग्यांना चिकटा आवडतो, म्हणून त्या माव्याला राखतात, ढालकिड्याला हुसकून लावतात. मुंगी थांबली की निम्मे काम झाले. आपल्या आया दुधाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत, तसेच कुंडीच्या घडवंचीचे पाय ठेवावे. मात्र ते पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे, नाहीतर मुंग्या जातील आणि डास येतील.

दुसरी पायरी हाताची आणि पाण्याची. मावा थोडा असेल तर बोटांनी पुसून काढा. जास्त असेल तर पाण्याची जोरदार धार पानाखालून मारा. खाली पडलेला मावा सहसा परत चढत नाही. दोन-तीन दिवसांआड तीन वेळा केले की पुरते. लाल कोळ्यालाही हाच उपाय, कारण त्याला ओल सोसत नाही. उन्हाळ्यात नळाला पाणी कमी येते हे मला माहीत आहे. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी चालते. लिंबावरच्या अळ्या हाताने वेचाव्या. झाड मोठे असेल तर एखाद-दुसरी अळी राहू द्यावी. फुलपाखरे हवी तर अळ्या सोसायला हव्यात. फार किडलेला कोंब छाटून साबणाच्या पाण्यात बुडवावा. तो तसाच खतात टाकू नये.

तिसरी पायरी साबणाची. अंगाच्या साध्या साबणाचा एक चमचा कीस एक लिटर पाण्यात विरघळवावा, गाळावा आणि किडीवरच पडेल असा फवारावा. साबण अंगावर पडला तरच कीड मरते, वाळल्यावर त्याचा उपयोग नाही. कपडे धुण्याची पावडर घेऊ नये, तिने पाने करपतात. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेण असते, त्यामुळे पाणी आणि औषध दोन्ही ओघळून जाते. त्याला कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून एकेक टिपावे. काम किचकट आहे, पण ज्या हातांनी आपण तांदूळ निवडतो त्या हातांना ते जड नाही.

चौथी पायरी निंबोळीची. ज्येष्ठ-आषाढात कडूनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो आणि आपण तो झाडून फेकतो. त्या वेचाव्या, गर धुवावा, बिया सावलीत वाळवून कापडी पिशवीत ठेवाव्या. लागतील तेव्हा पन्नास ग्रॅम कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावे, सकाळी फडक्यातून गाळावे, चिमूटभर साबण घालावा आणि त्याच दिवशी वापरावे. मागल्या आषाढातली निंबोळी फाल्गुनापर्यंत चालते. त्याहून जुनी झाली की तिचा जोर उतरतो. तिने कीड पटकन मरत नाही, पण तिचे खाणे आणि वाढणे थांबते. तेव्हा आज फवारले आणि उद्या किडे दिसले म्हणून निराश होऊ नये. आठ दिवसांनी पुन्हा फवारावे.

साबण असो की निंबोळी, दोन गोष्टी पाळा. एक, आधी चार पानांवर फवारून एक दिवस बघा. दोन, फवारणी सूर्य कलल्यावरच करा. आपल्या नागपूरच्या उन्हात ओल्या साबणाने किंवा तेलाने पान भाजून निघते, आणि दिवसा मधमाशा शेवग्यावर आणि लिंबाच्या फुलांवर असतात. फुलांवर फवारायचेच नाही. खाण्याचे पान असेल तर फवारल्यावर आठवडाभर तोडू नये, नंतरही चांगले धुऊन घ्यावे, आणि झाडाला एक रंगीत चिंधी बांधावी, म्हणजे शेजारणीला कळेल. तुळशीला तर पाणी, कात्री आणि ऊन यांपलीकडे काही लावू नये. तिचे पान आपण तीर्थात घालतो, खोकला झाला की मुलांना देतो. मंजिऱ्या वेळेवर खुडाव्या, आखडलेली पाने काढून टाकावी, तुळस पुन्हा फुटते.

आणखी एक. झाड हिरवेगार दिसावे म्हणून युरियाची मूठ टाकण्याची काहींना हौस असते. त्याने पाने लुसलुशीत होतात आणि मावा दुप्पट येतो. शेणखत, पाचोळा आणि बेताचे पाणी एवढ्यावर झाड काटक राहते. शिवाय माव्याला वैशाखाचे ऊन सोसत नाही. पुष्कळदा आपण पंधरा दिवस धीर धरला तर सूर्यनारायणच उरलेले काम करतो.

एवढे करूनही झाड हातचे जाते असे वाटले, तर किडके पान पिशवीत घट्ट बंद करून कृषी महाविद्यालयात न्या आणि विचारा. दुकानदाराला विचारू नका, त्याला बाटली विकायची असते. औषध घ्यावेच लागले तर मूळ बाटलीतलेच घ्या. तिच्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. लाल आणि पिवळा त्रिकोण आपल्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. दुसऱ्या बाटलीत ओतून दिलेले औषध कोणीही देवो, सख्ख्या भावाने दिले तरी घेऊ नका. आणि कधी कोणाला बाधा झालीच, तर घरी मिठाचे पाणी पाजून ओकारी काढत बसू नका. अंगावर सांडले असेल तर कपडे उतरवून अंग धुवा, १०८ ला फोन करा, आणि बाटली बरोबर न्या.

मला आज मंडळाला तीन विनंत्या करायच्या आहेत. पहिली, येत्या आषाढात आपण सगळ्याजणींनी मिळून निंबोळ्या वेचाव्या आणि मंडळाच्या कपाटात दोन-चार पिशव्या ठेवाव्या. दुसरी, एक हातफवारा मंडळाने घ्यावा, तो फक्त साबणासाठी आणि निंबोळीसाठी. शेतातला फवारा कोणी उसना आणू नये. तिसरी, आज घरी गेल्यावर प्रत्येकीने न्हाणीतला कोनाडा, माळा आणि जिन्याखालची जागा बघावी. नावगाव नसलेली बाटली सापडली तर ती मोरीत किंवा नालीत ओतू नये, धुऊन वापरूही नये. घट्ट बूच लावून, वर ठळक 'विष' असे लिहून, मुलांचा हात पोचणार नाही अशी बाजूला ठेवावी. मंडळाने त्या सगळ्या गोळा करून, त्यांचे काय करायचे ते महानगरपालिकेला आणि कृषी खात्याला विचारून, एकदाच मार्गी लावाव्या.

कीड दिसली की आपल्याला राग येतो, कारण झाड आपण लेकरासारखे वाढवलेले असते. पण लेकराला पडसे झाले म्हणून आपण त्याला वाटेल ते पाजत नाही. आधी अंगाला हात लावून बघतो. झाडालाही तेवढेच हवे आहे. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झाले असेल तर पोटात घाला.